इंजिनिअर कोणाला म्हणायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘इंजिनिअर’ या शब्दाबद्दलचे बरेच प्रश्न साचले होते. शब्द कुठून आला, कुठे कोणाला लागतो, कुठे तो लावायला कायद्याची परवानगी लागते, असे सगळेच. या वेळचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : इंजिन बनवणारा किंवा चालवणारा तो इंजिनिअर, ही फोड बरोबर आहे का? मग वाफेचं इंजिन येण्यापूर्वी इंजिनिअर नव्हतेच का?

होते, आणि हा शब्दही होता. थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन खाणीतलं पाणी उपसण्यासाठी १७१२ मध्ये सुरू झालं. इंग्रजीत ‘इंजिनिअर’ मात्र चौदाव्या शतकापासून सापडतो.

दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमधल्या ‘इंजेनियम’मध्ये आहे. त्याचा अर्थ माणसाच्या अंगची उपजत बुद्धी, कल्पकता. त्यातला धातू ‘जन्म देणे’ या अर्थाचा आणि संस्कृत ‘जन्’चा सख्खा नातेवाईक. ‘कल्पक’ या अर्थाचा इंग्रजी ‘इंजिनियस’ त्याच घरातला. मध्ययुगात या शब्दाचा अर्थ बुद्धीकडून बुद्धीने रचलेल्या वस्तूकडे सरकला. त्या काळी डोळ्यांत भरणारी अशी वस्तू म्हणजे किल्ल्याच्या तटावर दगड फेकणारं किंवा दरवाजा फोडणारं युद्धयंत्र. ते रचणारा आणि लढाईत चालवणारा तो ‘इंजेनिएटर’. हाच शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. म्हणजे पहिले इंजिनिअर फौजेतले होते. वेढा घालणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं, तात्पुरते पूल टाकणं ही त्यांची कामं. त्याच काळात मोठी चर्च बांधणारा मुख्य माणूस पाथरवटांतून वर आलेला असे आणि त्याला ‘मास्टर मेसन’ म्हणत.

‘इंजिन’चा प्रवासही असाच. आधी चतुराई, मग युक्ती, मग युक्तीने केलेलं साधन, आणि अगदी शेवटी वाफेवर किंवा तेलावर चालणारं यंत्र. कापसातली सरकी काढणाऱ्या ‘जिन’चं नाव हे ‘इंजिन’चंच आखूड रूप आहे. एली व्हिटनीच्या ज्या जिनला १७९४ मध्ये पेटंट मिळालं ती हाताने फिरवता येत असे. वाफेचा तिच्या नावाशी संबंध नाही. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रांना ‘डिफरन्स इंजिन’ आणि ‘ॲनालिटिकल इंजिन’ म्हटलं तेही याच जुन्या अर्थाने. आजच्या ‘सर्च इंजिन’मध्ये पिस्टन नाही म्हणून ते नाव चुकीचं ठरत नाही, शब्दाच्या वयाचा विचार केला तर तो अर्थच थोरला.

प्रश्न : सिव्हिल इंजिनिअरिंगमधल्या ‘सिव्हिल’चा बांधकामाशी काय संबंध?

थेट संबंध काहीच नाही. ‘सिव्हिल’ म्हणजे नागरी, अर्थात लष्करी नसलेलं. अठराव्या शतकापर्यंत ‘इंजिनिअर’ म्हटलं की फौजेतला माणूस डोळ्यांसमोर येई, म्हणून बिगरलष्करी काम करणाऱ्यांना वेगळं विशेषण हवं होतं. ब्रिटनमध्ये जॉन स्मीटन (१७२४–१७९२) स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवू लागला. १७५९ मध्ये पूर्ण झालेलं एडिस्टन दीपगृह त्याचंच. त्यासाठी त्याने वेगवेगळ्या चुनखडकांचा चुना तपासला आणि ज्या खडकात चिकणमातीचा अंश आहे त्याचाच चुना पाण्याखाली घट्ट होतो हे दाखवलं. याच स्मीटनने पाणचक्क्यांची आणि पवनचक्क्यांची कार्यक्षमताही मोजली. आज आपण ते काम मेकॅनिकलच्या खात्यात टाकू, पण तेव्हा लष्कराबाहेरचं सगळंच सिव्हिल होतं.

लंडनमध्ये सिव्हिल इंजिनिअरांची संस्था १८१८ मध्ये निघाली, तिला राजसनद १८२८ मध्ये मिळाली. सनदेच्या वेळी थॉमस ट्रेडगोल्डने केलेली व्याख्या आजही उद्धृत होते : निसर्गातल्या शक्तीच्या मोठ्या स्रोतांना माणसाच्या उपयोगासाठी आणि सोयीसाठी वळवण्याची कला. ही व्याख्या रस्ते-पुलांपुरती नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मेकॅनिकलवाल्यांची वेगळी संस्था १८४७ मध्ये झाली, जॉर्ज स्टीफन्सन तिचा पहिला अध्यक्ष. पुढे वीज आणि रसायन वेगळे झाले आणि मूळ नाव घरात मागे राहिलेल्या शाखेकडे, म्हणजे बांधकाम, रस्ते आणि पाणी यांच्याकडे राहिलं.

लष्करातला जुना अर्थ मेलेला नाही. सैन्यातला इंजिनिअर आजही पूल टाकतो, सुरुंग पेरतो आणि काढतो. त्याला ‘सॅपर’ म्हणतात, कारण तटाकडे आडोशाने नेलेल्या खंदकाला फ्रेंचमध्ये ‘साप’ म्हणत.

प्रश्न : अमेरिकेतल्या रेल्वे अपघाताच्या बातमीत ‘अभियंत्याने इमर्जन्सी ब्रेक लावला’ असं वाचलं. गाडीत अभियंता काय करत होता?

गाडी चालवत होता. हा भाषांतरातला दोष आहे. उत्तर अमेरिकेत रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्याला ‘इंजिनिअर’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘ड्रायव्हर’. अशा बातमीत मराठीत ‘चालक’ किंवा ‘लोको पायलट’ लिहावं.

अमेरिकेत हे नाव नदीवरच्या वाफेच्या बोटींपासून रुळलेलं आहे. बाष्पक आणि यंत्र सांभाळणारा तो इंजिनिअर. सुरुवातीच्या वाफेच्या गाडीवर हाच माणूस दाब बघे, बाष्पकातली पाण्याची पातळी राखे, वाटेत किरकोळ दुरुस्तीही करे. पाणी खाली गेलं आणि भट्टीच्या वरचा पत्रा उघडा पडला तर तो तापून मऊ होतो आणि दाबाखाली फाटतो. त्यामुळे या कामात गाडी हाकण्याइतकंच यंत्राचं ज्ञान लागे. तिथल्या चालकांची १८६३ मध्ये स्थापन झालेली संघटना पुढच्याच वर्षापासून ‘लोकोमोटिव्ह इंजिनिअर’ हे नाव मिरवते. ब्रिटनने मात्र घोडागाडीचा शब्द उचलला. तिथे स्थानकावर ‘इंजिनिअरिंग वर्क्स’मुळे गाड्या बंद असल्याची सूचना दिसली तर तिचा अर्थ रुळांची दुरुस्ती चालू आहे इतकाच.

असाच दुसरा फसवा शब्द ‘स्टेशनरी इंजिनिअर’. इमारतीतला किंवा कारखान्यातला, जागेवर बसवलेला बॉयलर चालवणारा परवानाधारक माणूस तो. मराठीत ‘बॉयलर चालक’ म्हटलं की पुरतं. ‘साउंड इंजिनिअर’ला अनेकदा ‘ध्वनी अभियंता’ केलं जातं; तिथे ‘ध्वनिमुद्रक’ किंवा ‘ध्वनिसंयोजक’ जास्त नेमकं.

जाता जाता एक गोष्ट. अमरकोशात सारथ्यासाठी जे शब्द दिले आहेत, ‘नियन्ता प्राजिता यन्ता’ असे, त्यात ‘यंता’ आहे. लगाम धरून ताब्यात ठेवतो तो यंता. आपल्या ‘अभियंत्या’च्या पोटात तोच शब्द आहे. त्या अर्थाने बातमीतला ‘अभियंता’ अगदीच परका नाही, पण आजच्या वाचकाला तो चुकीचंच सांगतो.

प्रश्न : भाचा जहाजावर ‘थर्ड इंजिनिअर’ आहे, त्याच्याबरोबर शिकलेला मुलगा दुसऱ्या कंपनीत ‘सेकंड असिस्टंट इंजिनिअर’. कोण वरचा?

दोघे एकाच पायरीवर आहेत. ब्रिटिश वळणाच्या पद्धतीत क्रम असा : चीफ, सेकंड, थर्ड, फोर्थ. अमेरिकी पद्धतीत : चीफ, फर्स्ट असिस्टंट, सेकंड असिस्टंट, थर्ड असिस्टंट. चीफनंतर आकडा एकाने सरकतो. ‘सेकंड इंजिनिअर’ आणि ‘सेकंड असिस्टंट’ यांना एक समजलं की पगाराची आणि अनुभवाची तुलना साफ चुकते.

कामाची रूढ वाटणी कंपनीगणिक थोडी बदलते. बहुतेक ठिकाणी फोर्थकडे तेलशुद्धीची प्युरिफायर यंत्रं, हवेचे काँप्रेसर आणि पंप असतात. थर्डकडे वीजनिर्मितीची इंजिनं आणि बहुधा बॉयलर. सेकंडकडे मुख्य इंजिन आणि इंजिनखोलीचा रोजचा कारभार. चीफ सगळ्याला जबाबदार, इंधनाचा हिशेब आणि तपासणीची कागदपत्रं त्याच्या सहीची. पात्रतेचा दाखला १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळतो आणि त्यात मुख्य इंजिनाची शक्ती पाहतात. पहारा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा दाखला ७५० किलोवॉट आणि त्यावरच्या जहाजांसाठी असतो. चीफ आणि सेकंडसाठी ७५० ते ३००० आणि ३००० च्या वर असे दोन वेगळे दाखले आहेत. म्हणून नुसतं ‘चीफचं तिकीट आहे’ ऐकून थांबू नये. कोणत्या मर्यादेचं, ते विचारावं.

प्रश्न : विमानातला ‘फ्लाइट इंजिनिअर’ आणि ‘मेंटेनन्स इंजिनिअर’ यांत फरक काय? दोघांनाही पदवी लागते का?

फ्लाइट इंजिनिअर हा कॉकपिटमधला तिसरा माणूस. इंजिनांचे आकडे, टाक्यांमधल्या इंधनाचा समतोल, हायड्रॉलिक दाब, वीज आणि केबिनमधला हवेचा दाब तो बाजूच्या पॅनलवरून सांभाळत असे. बोइंग ७२७, ७४७ च्या सुरुवातीच्या आवृत्त्या, कॉंकॉर्ड यांत त्याची खुर्ची होती. संगणकांनी ते काम उचललं, आणि १९८९ मध्ये सेवेत आलेल्या ७४७-४०० मध्ये ती खुर्ची राहिली नाही.

मेंटेनन्स इंजिनिअर जमिनीवर काम करतो. त्याच्या सहीशिवाय दुरुस्त केलेलं विमान पुन्हा सेवेत जात नाही. युरोपीय पद्धतीच्या परवान्यात ‘ए’ वर्ग साध्या ठराविक कामांसाठी, ‘बी-१’ सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक प्रणालींसाठी, ‘बी-२’ विद्युत-इलेक्ट्रॉनिक प्रणालींसाठी, तर ‘सी’ मोठ्या तपासणीनंतर संपूर्ण विमान सेवेत सोडण्यासाठी असतो. हा परवाना मिळतो मान्य प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रत्यक्ष अनुभवाच्या बळावर. इंजिनिअरिंगची पदवी ही त्याची अट नाही. अमेरिकेत अशाच कामाच्या माणसाला ‘मेकॅनिक’ म्हणतात. नाव खाली गेलं म्हणून सहीचं वजन कमी होत नाही.

प्रश्न : कारखान्यात टेक्निशियन, टेक्नॉलॉजिस्ट आणि इंजिनिअर अशा तीन पाट्या असतात. प्रत्यक्ष कामात रेघ कुठे ओढायची?

एका पंपाचं उदाहरण घेऊ. त्याचं बॉल बेअरिंग दर काही महिन्यांनी जातं.

ते नीट बदलणं हे टेक्निशियनचं काम आणि त्यात कसब आहे. जुनं बेअरिंग पुलरने काढायचं. नवं शाफ्टवर घट्ट बसवताना जोर फक्त आतल्या कड्यावर द्यायचा. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर तो जोर गोळ्यांमधून जातो, मार्गावर बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. गरम करून बसवायचं असेल तर साधारण ११० अंश सेल्सियस पुरे. १२० च्या वर नेऊ नये, आणि उघडी ज्योत तर कधीच लावू नये. ग्रीस मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत. ठासून भरलं तर ते घुसळलं जाऊन तापतं आणि पातळ होऊन बाहेर पडतं.

इतकं सगळं बिनचूक करूनही बेअरिंग पुन्हा गेलं, तर प्रश्न इंजिनिअरकडे येतो : हे इथे का टिकत नाही? बॉल बेअरिंगचं गणिती आयुष्य, म्हणजे तशा शंभरांतली नव्वद बेअरिंग जितके फेरे पार करतात तितकं, भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. भार दुप्पट झाला तर आयुष्य एक अष्टमांश. नुसता सव्वापट झाला तरी ते जवळपास निम्म्यावर येतं. मग तो वाढीव भार कुठून येतो ते शोधायचं. पट्टा जास्त ताणला आहे का, मोटार आणि पंप एका रेषेत आहेत का, पाइपलाइन पंपाच्या तोंडाला ओढते आहे का, की मुळात निवडच लहान झाली? काढलेल्या बेअरिंगवरच्या खुणा यातलं बरंच सांगतात, म्हणून ते फेकून देऊ नये. टेक्निशियनने ते पिशवीत घालून, कुठल्या बाजूचं होतं आणि वर कोणती बाजू होती हे लिहून ठेवलं, तर इंजिनिअरचं निम्मं काम झालं.

टेक्नॉलॉजिस्ट या दोघांच्या मधे. माहीत असलेल्या पद्धती नव्या परिस्थितीत लावून बघणं, चाचण्या आखणं, यंत्रणा चालती करणं त्याच्याकडे. शिक्षणाच्या परस्पर मान्यतेचे आंतरराष्ट्रीय करारही याच तीन पातळ्यांवर आहेत : इंजिनिअरसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार, टेक्नॉलॉजिस्टसाठी २००१ चा सिडनी करार, टेक्निशियनसाठी २००२ चा डब्लिन करार. त्यांत फरक समस्येच्या स्वरूपावरून केला आहे. इंजिनिअरसमोर गुंतागुंतीची, टेक्नॉलॉजिस्टसमोर ढोबळ चौकट ठरलेली आणि टेक्निशियनसमोर नेमकी मांडलेली समस्या. जाहिरातीतली ‘सर्व्हिस इंजिनिअर’, ‘सेल्स इंजिनिअर’ ही पदं या मोजपट्टीत बसतीलच असं नाही. तिथे पदाचं नाव सोडून खालची क्रियापदं वाचावीत : आराखडा करणे, तपासून प्रमाणित करणे, दुरुस्त करणे, की विकणे.

प्रश्न : नकाशावर इंजिनिअरची सही आणि शिक्का असतो. चूक दुसऱ्या कोणाची असली तरी तोच जबाबदार का?

कारण सहीचा अर्थच ‘हे मी तपासलं, याचा भार मी घेतो’ असा आहे. यासाठी एक दुर्घटना नीट समजून घ्यावी, इतकी ती बोलकी आहे.

अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटी इथे हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात छताला टांगलेले पादचारी पूल होते. दुसऱ्या मजल्याचा पूल चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली होता. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली एकच लांब सळई दोन्ही पुलांच्या आडव्या तुळयांमधून जात होती आणि प्रत्येक तुळई आपापल्या नटावर टेकत होती. चौथ्या मजल्याच्या नटावर फक्त चौथ्या मजल्याचा भार. पण इतक्या लांब सळईवर मधल्या नटापर्यंत आटे पाडणं अवघड, म्हणून जोडणीत बदल झाला : छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत एक सळई, आणि चौथ्याच्या तुळईतून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत वेगळी सळई. कागदावर फरक क्षुल्लक दिसतो. प्रत्यक्षात आता खालचा पूल वरच्या तुळईला लटकत होता, त्यामुळे चौथ्या मजल्याच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला. जोडावरचा भार सरळ दुप्पट.

१७ जुलै १९८१ रोजी दालन माणसांनी भरलेलं असताना तो नट तुळई फाडून बाहेर निघाला. ११४ माणसं मेली. चौकशीत निघालं की मूळ जोडणीदेखील नियमाला लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होती. बदललेल्या जोडणीची रेखाटनं पोलाद पुरवणाऱ्याकडून आली होती, पण त्यांवर रचना-इंजिनिअरांचा मंजुरीचा शिक्का होता. जबाबदार इंजिनिअरांचे मिसूरीतले परवाने रद्द झाले.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः कराव्यात. प्रत्येक जोडाचं गणित आहे का ते बघावं. तुळई आणि खांब यांचं गणित असतं, जोड राहून जातो. कारखान्याकडून आलेल्या रेखाटनात काहीही बदललं असेल तर भार कुठून कुठे जातो ते पहिल्यापासून काढावं. आणि जागेवर वापरात असलेल्या प्रतीचा सुधारणा-क्रमांक सही केलेल्या प्रतीशी जुळवावा. फोनवर ‘चालेल’ म्हणून दिलेली संमती ही सहीच असते, हेही ध्यानात असावं.

प्रश्न : मुलगी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि परदेशी जाणार आहे. तिथे कार्डावर ‘इंजिनिअर’ लिहिता येईल का?

ते देशावर, आणि काही ठिकाणी देशातल्या राज्यावर अवलंबून आहे.

कॅनडात हे बिरुद प्रांतांच्या कायद्यांनी राखलेलं आहे. प्रांतिक संस्थेचा परवाना नसेल तर स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेणं महागात पडू शकतं. परवान्यासाठी मान्य पदवी, साधारण ४ वर्षांचा तपासलेला अनुभव आणि व्यवसायनीतीची परीक्षा लागते. सॉफ्टवेअरवाल्यांवरून तिथे बराच वाद झाला. अल्बर्टा प्रांताने २०२३ मध्ये कायदा बदलून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे पदनाम मोकळं केलं. बाकीच्या प्रांतांना तेच लागू आहे असं धरू नये. तिथे ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ लिहिणं सुरक्षित.

जर्मनीत ‘इंगेनिऑर’ हे बिरुद प्रत्येक राज्याच्या कायद्याने राखलेलं आहे आणि परदेशी पदवी असेल तर त्या राज्याच्या सक्षम संस्थेची परवानगी घ्यावी लागते. अर्ज करताना पदवी आणि विषयवार गुणपत्रक, दोन्हींचं अधिकृत भाषांतर तयार ठेवावं. फ्रान्समध्ये नुसता शब्द मोकळा आहे, पण ‘पदवीधर इंजिनिअर’ हे बिरुद १९३४ च्या कायद्याने राखलेलं. ब्रिटनमध्येही नुसता शब्द कोणीही वापरू शकतो, घरचा गॅस बॉयलर दुरुस्त करणाऱ्यालाही सर्रास इंजिनिअर म्हणतात. राखीव आहे ते ‘चार्टर्ड इंजिनिअर’.

अमेरिकेत परवाना राज्यांकडे असतो. पदवीच्या सुमारास पहिली परीक्षा, मग साधारण ४ वर्षांचा अनुभव, मग मुख्य परीक्षा, असा रस्ता. कंपनीत राहून कंपनीच्याच उत्पादनावर काम करणाऱ्यांना बहुतेक राज्यांत यातून सूट असते, म्हणून तिथे बहुसंख्य इंजिनिअर परवान्याविना काम करतात. सॉफ्टवेअरसाठीची मुख्य परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली; बसणारेच थोडे, म्हणून २०१९ नंतर ती बंद केली. ओरेगॉन राज्यात सिग्नलचा पिवळा दिवा किती सेकंद असावा याचं गणित मांडून ‘मी इंजिनिअर आहे’ असं लिहिणाऱ्या एका परवाना नसलेल्या पदवीधराला ५०० डॉलर दंड झाला होता. परवान्याविना स्वतःला इंजिनिअर म्हणण्यावरची ही बंदी २०१८ मध्ये न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याविरुद्ध ठरवली. आमच्या मते ते योग्यच झालं. लोकांच्या जिवाशी निगडित सहीसाठी परवाना हवा, शिक्षणाचा खरा उल्लेख करायला नको.

मुलीने नावाआधी ‘इंजि.’ किंवा ‘ईआर.’ लावू नये. परदेशात ते कोणी ओळखत नाही. नावापुढे पदवी, विद्यापीठ, वर्ष आणि परवाना असल्यास त्याचा क्रमांक लिहावा.

प्रश्न : कॅनडातले इंजिनिअर कोसळलेल्या पुलाच्या लोखंडाची अंगठी घालतात, हे खरं का?

अंगठी खरी, लोखंडाची गोष्ट खोटी. क्यूबेक पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असताना कोसळला आणि ७५ कामगार गेले. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट केल्यावर पुलाच्या स्वतःच्या वजनाचं गणित वेळेवर सुधारलं गेलं नव्हतं. दाब झेलणारे पुलाचे खालचे भाग वाकले. अंगठी देण्याचा विधी १९२५ पासून चालतो. काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत ती घालतात, म्हणजे लिहिताना आणि रेखाटताना कागदावर तिचा स्पर्श होत राहतो. ती त्या पुलाच्या लोखंडातून कधीच केली गेली नाही.

प्रश्न : ‘सोशल इंजिनिअरिंग’ राजकीय बातमीतही येतं आणि सायबर गुन्ह्यांच्या बातमीतही. एकच अर्थ का?

तीन वेगळे अर्थ आहेत. समाजशास्त्रात : धोरणं आखून समाजाला ठरवलेल्या दिशेने वळवणं. मराठी वृत्तपत्रांत निवडणुकीच्या सुमारास : जातीजातींची मतं जुळवून विजयाचं समीकरण मांडणं. आणि संगणक सुरक्षेत : यंत्र न फोडता माणसाला फसवून त्याच्याच हातून गुपित काढून घेणं.

तिसरा अर्थ प्रत्येकाला माहीत हवा. फसवणाऱ्याची रीत बहुधा ठरलेली असते. तो आधी तुमची थोडी खरी माहिती सांगून विश्वास मिळवतो, मग अधिकाराचं नाव घेतो, मग घाई करतो : ‘दहा मिनिटांत खातं बंद होईल.’ ओटीपी मागणं शेवटी येतं. उपायही ठरलेला. फोन ठेवायचा, संस्थेचा क्रमांक आपल्या कार्डावरून किंवा पासबुकावरून स्वतः काढायचा आणि आपण उलटा फोन करायचा. त्याने दिलेल्या क्रमांकावर करायचा नाही. ओटीपी हा आपल्या सहीसारखा असतो, तो फोनवर कोणालाच सांगायचा नाही, फोन करणारा खरा अधिकारी असला तरीही.

इंग्रजीत ‘इंजिनिअर’ क्रियापद म्हणून आलं की अर्थ दोन्हीकडे झुकतो. पूल ‘इंजिनिअर’ केला म्हणजे विचारपूर्वक रचला. बंड ‘इंजिनिअर’ केलं म्हणजे पडद्यामागून घडवून आणलं. मराठी करताना पहिल्याला ‘रचणे’, दुसऱ्याला ‘घडवून आणणे’ किंवा ‘कारस्थान रचणे’.

प्रश्न : ‘अभियंतांनी’ की ‘अभियंत्यांनी’? आणि ‘स्थापत्य अभियंता’ म्हणजे आर्किटेक्ट का?

‘अभियंत्यांनी’. नेता, वक्ता यांच्यासारखाच हा चालतो : अभियंता, अनेकवचन अभियंते, अभियंत्याला, अभियंत्यांचा. संस्कृत वळणाने स्त्रीलिंगी रूप ‘अभियंत्री’ होईल, पण वापरात स्त्रियांसाठीही ‘अभियंता’च आहे आणि तेच ठेवावं. ‘त्या अभियंता आहेत’ हे वाक्य बरोबर. शास्त्राचं नाव ‘अभियांत्रिकी’. ‘यांत्रिकी’ म्हणजे बल आणि गती यांचा अभ्यास, मेकॅनिक्स. मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी ‘यंत्र अभियांत्रिकी’ लिहिलं तर घोटाळा होत नाही.

‘स्थापत्य’चा घोटाळा मात्र खरा आहे. इतिहासाच्या लेखनात ‘मंदिर स्थापत्य’ म्हणजे आर्किटेक्चर. अभियांत्रिकीत ‘स्थापत्य अभियंता’ म्हणजे सिव्हिल इंजिनिअर. इमारतीची मांडणी, उजेड-वारा, वापर आणि रूप ठरवणारा तो वास्तुविशारद. तिचा पाया, खांब आणि तुळया यांचं गणित करून सही करणारा स्थापत्य अभियंता, त्यातही नेमकं म्हणायचं तर संरचना अभियंता. कामाच्या करारात दोन्ही नावं वेगळी लिहावीत, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या रेखाटनांवर सही करणार हेही लिहावं.